पहारा उठवू नका

संगणकावर नवा खेळ बसवला आणि तो सुरू होण्याऐवजी अँटिव्हायरसने त्याची एखादी फाईल जप्त केली किंवा फायरवॉलने त्याचा सर्व्हरशी असलेला संपर्क तोडला, म्हणजे ‘संरक्षणच बंद करा’ असा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो माझ्या मते सर्वथा त्याज्य आहे. अँटिव्हायरसचा संशय अगदीच निराधार नसतो. कारण खेळातील फसवणूक रोखणाऱ्या प्रणाली इतर प्रोग्रामांवर नजर ठेवतात, आणि २०२० साली ‘व्हॅलोरंट’ या खेळाबरोबर आलेल्या ‘व्हॅनगार्ड’सारख्या काही तर विंडोजच्या अंतर्भागात, कर्नेलमध्येच, ठाण मांडतात, जे वर्तन घातक प्रोग्रामांच्या वर्तनाशी पुष्कळ सादृश्य राखते.

२०१७ पासून विंडोज १० मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची जी तजवीज आहे, ती चालू असता अनोळखी प्रोग्रामला ‘डॉक्युमेंट्स’मध्ये लिहिण्याची मुभा राहत नाही, आणि अनेक खेळ आपली प्रगती तेथेच साठवत असल्यामुळे तासन्‌तास खेळून मिळवलेले व्यर्थ जाते. अशा वेळी केवळ त्या एका प्रोग्रामला परवानगी द्यावी, अख्ख्या ड्राइव्हला नव्हे; फायरवॉलमध्येही घरच्या खाजगी नेटवर्कपुरतीच मोकळीक ठेवावी. खेळ निर्माण करणाऱ्यांनी आपल्या प्रत्येक फाईलवर डिजिटल स्वाक्षरी करणे आणि नवी आवृत्ती अँटिव्हायरस कंपन्यांकडे आगाऊ तपासणीस धाडणे, हे त्यांचे कर्तव्यच होय. तो भार ग्राहकावर टाकणे अन्यायाचे आहे.

अधिकृत विक्रेत्याकडून न घेतलेल्या, ‘क्रॅक’ केलेल्या प्रतीला मात्र अशी सवलत कदापि देऊ नका.