घेतला वसा आणि बांधलेली राखी

श्रावणातील पौर्णिमा ही आपल्याकडे दुहेरी सणाची. किनाऱ्यावर दर्याला नारळ अर्पण होतो आणि घरोघरी बहीण भावाच्या मनगटावर राखी बांधते. राखीचा धागा कच्चा असतो. परंतु त्या धाग्याने पत्करलेली जबाबदारी जन्मभर तोडता येत नाही, अशी आपली श्रद्धा. आजच्या या मंगल दिवशी आम्ही वाचकांपुढे एका निराळ्या राखीची हकीकत ठेवीत आहोत. ती बांधणारी हिंदू नव्हती, जिच्या गाठीत मनगट दिले तो तिचा भाऊ नव्हता, आणि जेथे ती बांधली गेली ते घर नव्हते. २००२ सालच्या ऑगस्ट महिन्यात, रक्षाबंधनाच्या निमित्ताने, सेल्मी पॉल नावाच्या एका ख्रिस्ती धर्मभगिनीने इंदूरच्या कारागृहात जाऊन समंदरसिंह नावाच्या जन्मठेपेच्या कैद्याला राखी बांधली. हा कैदी तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा मारेकरी होता.

ही हकीकत आज सांगण्यास कारणही तसेच आहे. गंभीर गुन्ह्यातील कैद्यांची मुदतीपूर्वी सुटका करावी की नाही, केल्यास कोणाला विचारून करावी, हा प्रश्न अलीकडच्या काळात न्यायालयांपुढे वारंवार आला आहे. २०२५ सालच्या एप्रिल महिन्यात ग्रॅहॅम स्टेन्स व त्यांची दोन मुले यांच्या हत्येतील एक कैदी, महेंद्र हेम्ब्रम, तुरुंगातील चांगल्या वर्तणुकीबद्दल ओडिशात मुक्त झाला. शिक्षा, माफी आणि क्षमा या तीन शब्दांची अशा वेळी फार सरमिसळ होते. ती टाळावयाची असेल, तर ज्यांनी क्षमा केली त्यांच्या आयुष्याकडे आधी पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

व्रत घेणे आणि व्रत पाळणे

राणी मारिया यांचा जन्म १९५४ साली केरळातील पुल्लुवळी या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. तारुण्यात त्या संत फ्रान्सिस व संत क्लारा यांची परंपरा सांगणाऱ्या एका धर्मभगिनींच्या संघात दाखल झाल्या आणि १९७४ साली त्यांनी प्रथम व्रते घेतली. निष्कांचनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही ती तीन व्रते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ख्रिस्ती संघात ही व्रते एकदम जन्माची म्हणून दिली जात नाहीत. प्रथम ती ठरावीक मुदतीची असतात. काही वर्षे पारख झाल्यानंतरच अखेरची, आजन्म व्रते घेता येतात. उत्साहाच्या भरात केलेला निश्चय आणि रोजच्या रखरखाटात टिकलेला निश्चय यांतील अंतर त्या परंपरेने चांगले ओळखले आहे.

आयुष्य पालटणाऱ्या निर्णयाची किंमत काय असते, हे मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा एका घराची दोन घरे झाली. लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षे दूर राहिल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने १९०० साली त्यांनी त्याच धर्माची दीक्षा घेतली. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपल्या आजीपणजींचे डोळे पाणावले, ते टिळकांच्या निर्णयाच्या समर्थनार्थ नव्हे. त्या निर्णयानंतरचे एकेक दिवस त्या माउलीने कसे काढले, हे पाहून. निर्णय एका दिवसाचा असतो. तो निभावणे हे जन्माचे काम असते.

राणी मारियांनी ते काम उत्तरेत केले. १९७५ साली त्या बिजनौरला आल्या, तेथून पुढे मध्य प्रदेशात गेल्या आणि १९९२ पासून देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात राहू लागल्या. होळकरांचे इंदूर मराठी माणसाला घरासारखे. परंतु त्या शहरापासून फार दूर नसलेल्या या डोंगराळ मुलखातील आदिवासी शेतकऱ्यांचे जिणे आपल्याला अपरिचित. बी-बियाण्यासाठी सावकाराकडे हात पसरावयाचा, आणि एकदा अंगठा उठला की पिढ्यान्‌पिढ्या व्याज फेडीत राहावयाचे, हा तेथील क्रम. राणी मारियांनी या लोकांना एकत्र आणले, सरकारी योजनांची माहिती दिली, बँकेची दारे दाखविली. बँकेचे कर्ज मिळू लागले, तसे सावकाराचे दार ओस पडू लागले. ज्यांचे उत्पन्न बुडाले, त्यांच्या डोळ्यांत ही बाई सलू लागली.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी सकाळी त्या उदयनगरहून इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये होत्या. वाटेत रानात बस थांबली आणि समंदरसिंहाने त्यांच्यावर सुऱ्याचे वार केले. त्यांच्या देहावर चोपन्न जखमा मोजल्या गेल्या. बसमध्ये माणसे होती. मदतीला कोणी आले नाही. त्या वेळी राणी मारियांचे वय एकेचाळीस वर्षांचे होते. गावातील वजनदार मंडळींनी आपल्याला चिथावले होते, असे पुढे समंदरसिंहानेच सांगितले.

कारागृहातील पौर्णिमा

सेल्मी पॉल या राणी मारियांच्या धाकट्या बहीण आणि त्याच संघातील धर्मभगिनी. बहिणीच्या खुनापासून त्या राखीपर्यंत सात वर्षांहून अधिक काळ गेला. हा काळ आम्हांला महत्त्वाचा वाटतो. क्षमा ही विजेसारखी चमकून गेली नाही. ती धान्यासारखी पिकली. दरम्यान स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे, संन्याशाप्रमाणे राहणारे एक ख्रिस्ती धर्मगुरू तुरुंगात समंदरसिंहाला भेटत राहिले. सूडाच्या आगीत होरपळणाऱ्या त्या माणसाशी त्यांनी बोलणे चालू ठेवले. त्यांच्याच प्रयत्नांनी ती भेट घडली. सेल्मीबाईंनी त्याला भाऊ म्हटले आणि धागा बांधला.

पुढे राणी मारियांच्या कुटुंबीयांनी आणि ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांनी त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली, आणि २००६ साली तो तुरुंगातून बाहेर आला. त्यानंतर तो केरळात गेला. ज्यांची लेक त्याने हिरावून घेतली, त्या वृद्ध आईबापांनी त्याला आपल्या घरात घेतले. आपल्या शेतातील धान्य घेऊन तो उदयनगरला राणी मारियांच्या समाधीपाशी जात असे. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे कॅथलिक चर्चने राणी मारियांना ‘धन्य’ म्हणून घोषित केले. संतपदाच्या वाटेवरील ही एक पायरी होय. त्या समारंभाला समंदरसिंह उपस्थित होता.

ही शक्ती आली कोठून? ख्रिस्ती माणसाच्या नित्य प्रार्थनेत, जी येशूने आपल्या शिष्यांना शिकविली असे ते मानतात, एक अवघड अट आहे. देवाकडे स्वतःच्या अपराधांची क्षमा मागताना, आपण आपल्या अपराध्यांना क्षमा करीत आहोत, अशी कबुली तेथे द्यावी लागते. ही प्रार्थना लहानपणापासून रोज म्हणावयाची. बहुतेकांच्या बाबतीत ती आपल्या सकाळ-संध्याकाळच्या शुभंकरोतीसारखी ओठांवरून सरकून जात असेल. परंतु ज्याने ती मनापासून म्हटली, त्याच्यापुढे जेव्हा खरोखरीचा अपराधी उभा राहतो, तेव्हा निम्मा निर्णय आधीच झालेला असतो. आम्हांस यातले मर्म एवढेच वाटते की, आयुष्य पालटणारा निर्णय हा त्या एका क्षणाचा नसतो. तो हजारो साध्या दिवसांच्या निष्ठेतून तयार होत आलेला असतो. क्षण केवळ त्याची परीक्षा घेतो.

क्षमा आणि कायदा

बारिपदा येथील घटना हेच दुसऱ्या बाजूने दाखविते. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहॅम स्टेन्स १९६५ पासून ओडिशातील मयूरभंज भागात राहून कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री केओंझर जिल्ह्यातील मनोहरपूर गावी, आपल्या गाडीत झोपलेले असताना, ते आणि त्यांची फिलिप व टिमथी ही दहा आणि सहा वर्षांची मुले जिवंत जाळली गेली. पत्नी ग्लॅडिस आणि मुलगी एस्थर मागे राहिल्या. ग्लॅडिसबाई धर्मभगिनी नव्हत्या. त्या संसारी बाई होत्या, त्यांचा पंथही प्रॉटेस्टंट. तरी त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि पुढची पाच वर्षे बारिपदा सोडले नाही. कुष्ठधामाचे काम त्या पाहत राहिल्या. २००५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

परंतु येथे एक बारकावा आहे. क्षमा केली म्हणजे खटला मागे घ्यावा, असे ग्लॅडिसबाईंचे म्हणणे नव्हते. क्षमा ही एक गोष्ट, गुन्ह्याचे परिणाम ही दुसरी, आणि त्या दोहोंची गल्लत करू नये, अशीच त्यांची भूमिका होती. कायदा आपल्या गतीने चालला. २००३ साली दारासिंहाला फाशीची शिक्षा झाली, २००५ साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली.

सरकार देते ती सूट असते. ती वर्तणूक पाहून, नियमांच्या चौकटीत, कागदावर दिली जाते आणि तिची योग्यता न्यायालय तपासू शकते. क्षमा मात्र ज्याला जखम झाली त्यालाच करता येते. तिच्यावर कोणाची सही चालत नाही आणि तिची मागणीही कोणाला करता येत नाही. म्हणूनच, दुखावलेल्या माणसाला बाहेरून कोणी ‘आता विसरून जा’ असे सांगू लागला, तर ती क्षमेची शिकवण नव्हे, तो अन्याय आहे. सेल्मीबाई स्वतःच्या पायांनी तुरुंगात गेल्या, म्हणून त्यांच्या राखीला मोल आले.

आपल्या देवघरातून पाहताना

आमच्या काही वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न डोकावेल. ही सारी सेवा अखेर धर्मांतरासाठीच नसेल कशावरून? प्रश्न चोरून ठेवण्यात अर्थ नाही. धर्मांतराविषयी आपल्या समाजात तीव्र मतभेद आहेत आणि ते मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. परंतु बळजबरीने वा लालूच दाखवून केलेल्या धर्मांतराविरुद्ध ओडिशात १९६७ साली आणि मध्य प्रदेशात १९६८ साली कायदे झाले होते. ज्याची तक्रार होती त्याला न्यायालयाचे दार उघडे होते. झोपलेल्या लेकरांना आग लावणे आणि निःशस्त्र बाईवर सुरा चालविणे यांना कोणत्याही धर्माचे रक्षण म्हणता येणार नाही. उलट, त्या कृत्यांनी ज्या धर्माचे नाव पुढे केले गेले, त्यालाच डाग लागला.

शिवाय आपल्या परंपरेलाही ही वाट अनोळखी नाही. भागवतातील द्रौपदी आठवावी. झोपेत तिच्या पाचही पुत्रांचा वध करणाऱ्या अश्वत्थाम्याला अर्जुनाने बांधून तिच्यापुढे उभे केले, तेव्हा तिने त्याला सोडावयास सांगितले. माझ्यासारखे रडणे याच्या आईच्या वाट्याला येऊ नये, हे तिचे कारण. पैठणला गोदावरीच्या घाटावर, आपल्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्याला नाथांनी पुनःपुन्हा गंगास्नान घडविल्याबद्दल धन्यवाद दिले, ही कथा आपण मुलांना सांगतो. ज्ञानेश्वर माउलींनीही पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातील वाकडेपणा जावो, एवढेच मागितले.

दोन्ही धर्म एकच, असे सोपे समीकरण आम्ही मांडीत नाही. त्यांची दैवते निराळी, वाटाही निराळ्या. राणी मारियांच्या घराण्याने क्षमा केली ती ख्रिस्तावरील निष्ठेने, आणि ती तशीच समजून घेतली पाहिजे. परंतु दुसऱ्याच्या अंगणातील दिवा पाहून आपल्या देवघरातील वात सारखी करावी, यात कमीपणा कसला? आणि सेल्मीबाईंनी तरी काय केले? आपल्या निष्ठेला भाषा हवी होती, तेव्हा त्यांनी ती आपल्या सणातून घेतली. त्या कैद्याला समजेल असा एकच धागा होता, तो राखीचा.

आपण चातुर्मासात नेम धरतो, श्रावणात कहाण्या वाचतो, घेतला वसा टाकू नये असे मुलींना शिकवितो. पण आपला वसा बहुधा उपासाचा, पोथीचा, फार तर एखादा पदार्थ सोडण्याचा. भाऊबंदकीत दहा वर्षे न बोललेल्या भावाकडे आज राखी घेऊन जाण्याचा वसा आपल्यापैकी किती जणींनी घेतला असेल? वाटणीच्या वादात ज्या बहिणीसाठी उंबरठा बंद झाला, तिच्या दारी किती भाऊ स्वतःहून गेले असतील? येथे कोणाचा खून झालेला नाही; एखादा जमिनीचा तुकडा असेल, लग्नातला एखादा मानपान असेल. तरीही पाऊल जड होते.

इंदूरच्या कारागृहातील त्या राखीला सोन्याचे कोंदण नव्हते. आज दुपारी घरात ओवाळणीचे ताट तयार होईल, तेव्हा त्यात एक राखी जास्त ठेवून पाहावी. ती कोणासाठी, हे ज्याचे त्याला ठाऊक असते.