विश्लेषण : ‘आपदा मित्र’ बारा दिवसांत तयार होतो, पुढे काय?

तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील वाकडी गावात (ता. नेवासे) एप्रिल २०२४ मध्ये एक मांजर पडक्या विहिरीत पडले. विहिरीत बायोगॅससाठी शेण साठवलेले होते. मांजराला काढायला एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. सहा जण उतरले, त्यातील पाच जण दगावले. जो वाचला, त्याच्या कमरेला दोर होता. मदतीला धावणारे हात महाराष्ट्राच्या गावांत कमी नाहीत. उतरण्याआधी थांबायचे कुठे, हे शिकवणारी व्यवस्था मात्र तोकडी आहे.

पहिला तास कोणाचा?

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची महाराष्ट्रातील तुकडी पुण्याजवळ, तर राज्य दलाचे तळ धुळे व नागपूरला आहेत. पावसाळ्यात कोकण, कोल्हापूर, सांगलीकडे पथके आधीच पाठवली जातात, तरीही घाटातली वाट, तुटलेला रस्ता आणि रात्र यांच्यापुढे कोणाचे चालत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत, मातीचा ढिगारा हातानेच उपसावा लागला. चढण चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. अशा ठिकाणी पहिला तास परिसरातील तरुणांचा आणि डोंगर पायाखालचा असलेल्या गिर्यारोहकांचाच असतो.

योजना काय आहे?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये देशातील ३० पूरप्रवण जिल्ह्यांत प्रत्येकी २०० याप्रमाणे ६ हजार ‘आपदा मित्र’ घडवायला सुरुवात केली. पुढे हे उद्दिष्ट ३५० जिल्हे आणि १ लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवण्यात आले. प्रशिक्षण १२ दिवसांचे. सोबत लाइफ जॅकेट, टॉर्च, हेल्मेट, गमबूट, प्रथमोपचार पेटी असा संच आणि ३ वर्षांचा विमा. पगार नाही.

शिकवतात काय?

ऐकायला सोपे, करायला कठीण. बुडणाऱ्याला वाचवायचे तर आधी काठावरूनच काठी किंवा कापड पुढे करायचे. हात पोचत नसेल तर दोर, ट्यूब, रिकामा कॅन फेकायचा. तेही जमत नसेल तर होडी न्यायची. पोहत जाणे हा अगदी शेवटचा मार्ग, कारण घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघेही तळाला जातात. श्वास थांबलेल्याची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाबायची. कागदावर हे एक वाक्य आहे. दोन मिनिटे करून पाहिले की दमछाक म्हणजे काय ते कळते. ढिगाऱ्यापाशी गर्दी मागे हटवून शांतता करायची, हाक मारायची आणि कान द्यायचा. विहीर, टाकी, मॅनहोलमध्ये हवा तपासल्याशिवाय उतरायचे नाही. हेच वाकडीत कोणाला ठाऊक असते तर?

अडते कुठे?

पहिली अडचण विस्मरणाची. छाती दाबण्याचे कौशल्य सराव नसेल तर काही महिन्यांतच उतरणीला लागते, हे जगभर मान्य आहे. दोराच्या गाठींचेही तेच. ३ वर्षांचा विमा नव्याने काढला नाही, तर ओळखपत्र खिशात असलेला तरुण पुरात उतरतो तो स्वतःच्या जोखमीवर. त्यात गावाकडचा विशीतला मुलगा नोकरीसाठी पुणे-चाकणला जातो, फोन नंबर बदलतो आणि जिल्ह्याच्या यादीत मात्र तो गावातच राहत असतो.

दुसरी अडचण अधिकाराची, आणि ती जास्त गंभीर आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी ग्रामपंचायतीची बोट उलटली. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या, लेकरे कडेवर घेतलेल्या माणसांना ‘पुढच्या खेपेला या’ असे सांगणे हे बचावकार्यातले सर्वांत अवघड काम. ते बारा दिवस शिकलेल्या पोराने सरपंच, भावकी आणि शेजाऱ्यांसमोर कोणाच्या जोरावर सांगायचे? घटनास्थळी एकाचाच हुकूम चालावा, अशी रचना देशाच्या प्रतिसाद प्रणालीत आहे. पण तहसीलदार पोचेपर्यंत काठावर तो हुकूम कोणाचा, हे गावात कोणाला सांगितलेले नसते. ग्रामसभेने पावसाळ्याआधी ठराव करून बोटीचा जबाबदार माणूस आणि बोटीची क्षमता दोन्ही जाहीर करायला काही खर्च येत नाही.

शासनाने काय करावे?

नव्या तुकड्या घडवण्याची घोषणा सोपी असते, कारण आकडा वाढतो. जुन्यांना वर्षातून दोन दिवस बोलावून पाण्यात उतरवणे, त्या दिवसांची बुडालेली मजुरी देणे, विमा चालू ठेवणे यातून आकडा वाढत नाही, म्हणून ते मागे पडते. दर मे महिन्यात मान्सूनपूर्व बैठकीसाठी जिल्हा प्रशासन बोटी, जॅकेट, दोर यांचा तक्ता तयार करते. त्यात आणखी दोन रकाने हवेत : यादीतील किती स्वयंसेवक आज खरोखर गावात आहेत, आणि त्यांनी शेवटचा सराव कधी केला.