एकटीसाठी टेबल आहे का?

हॉटेलात जाऊन जेवणं हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काही जणींना वाटेल. मारहाण, पोटगी, रेशन, पाणी एवढे प्रश्न उभे असताना डोसा आणि मिसळीवर पानं खर्च करायची का? मला वाटतं, करायची. बाईचं घरातलं स्थान चुलीपाशी कळतं, तसं तिचं शहरातलं स्थान हॉटेलच्या टेबलापाशी कळतं. पुण्यात समाजकार्याचं काम करताना रोज कुठे ना कुठे बाहेर खावं लागतं. त्यातून जी मतं बनली ती आडपडदा न ठेवता मांडते आहे. पटली नाहीत तर भांडायला या.

पहिली गोष्ट सुटकेची. पुण्यात रविवारी संध्याकाळी कुठल्याही बऱ्या हॉटेलसमोर रांग असते. लोक कौतुकाने म्हणतात, "बघा, बायका आता स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या." खरंच पडल्या का? २०१९ साली केंद्र सरकारने वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं, आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची ९७ मिनिटं. म्हणजे तिचे रोजचे पाच तास. आठवड्यातल्या एका संध्याकाळच्या पनीरने हा हिशेब बदलत नाही. त्या संध्याकाळीसुद्धा ती सासऱ्यांसाठी मऊ भात टाकून निघते आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी चिरून ठेवते. सुट्टी मिळते ती एका वेळच्या पोळ्यांपासून. त्या एका वेळचीही मला किंमत आहे. पण तिला मुक्ती म्हणू नका.

टेबलाशी काय चालतं तेही जरा बघा. मेनूकार्ड आधी पुरुषाच्या हातात जातं. मुलांचं सांगून होतं, नवऱ्याचं सांगून होतं, मग तिला विचारलं जातं, आणि ती म्हणते, "मला काहीही चालेल." हे 'काहीही चालेल' तिने माहेरीच पाठ केलेलं असतं. ती लहान्याला भरवते, त्याचं उरलेलं खाते, आपली रोटी थंड झाली की संपवते आणि उठताना उरलेली भाजी बांधून घ्यायला सांगते. घरी ती सगळ्यांच्या मागून जेवते. इथे सगळ्यांबरोबर बसून सगळ्यांच्या मागून जेवते. शेवटी बिल येतं ते पुरुषापुढे. आम्ही पाच कार्यकर्त्या आणि नुकताच कामाला लागलेला एक तरुण सहकारी असे एकदा जेवायला गेलो होतो. ऑर्डर मी दिली होती, पैसेही माझ्याकडे होते. बिलाची बडीशेपेची ताटली सरळ त्याच्यासमोर ठेवली गेली. बिचारा ओशाळला. वाढप्याचा त्यात दोष कमी. कर्ता कोण हे ओळखायला समाजाने त्याला शिकवलेलं आहे.

आता 'फॅमिली रूम'बद्दल. जुन्या इराणी हॉटेलांतून लाकडी आडोशाच्या खोल्या असत आणि त्यावर तशी पाटी असे. बायकामाणसांना परक्या पुरुषांच्या नजरेआड बसता यावं, ही कल्पना. ज्या काळात बाईने हॉटेलात पाऊल ठेवणंच वाह्यातपणाचं समजलं जाई, त्या काळात त्या आडोशाने निदान दार उघडलं, हे मान्य करायला हवं. पण आडोसा गेला तरी पाटी राहिली. आज परमिट रूम असलेल्या हॉटेलांत वरच्या मजल्यावर किंवा मागच्या बागेत 'फॅमिली सेक्शन' असतं. एकटी बाई खाली बसली तर चारही टेबलांवरच्या माना वळतात. वर गेली तर विचारतात, "मॅडम, और कोई आ रहा है?" तिघी मैत्रिणी गेलो तरी तेच, "जेन्ट्स मागून येतायत का?" म्हणजे तीन बायका मिळून 'फॅमिली' होत नाही. एक पुरुष आणि एक बाई असली की होते, मग तो पुरुष तिच्याशी कसाही वागणारा असो. शहरात बाईला जागा मिळते ती कुणाची तरी कुणीतरी म्हणून. 'एक' या आकड्यासाठी तिच्याकरता टेबल नाही.

ही तक्रार सुशिक्षित, पगारदार बाईची चैन आहे, असं कुणी म्हणेल. म्हणून शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात येणाऱ्या बायकांचं सांगते. तारखेला बाई सकाळी घरून निघते, दोन बस बदलून येते, पुकारा होईल म्हणून दाराशी बसून राहते. दुपारी जेवणाची सुट्टी होते. नवऱ्याकडची माणसं घोळक्याने समोरच्या हॉटेलात जातात, जेवून, पान खाऊन येतात. ही बाकावरच असते. पर्समध्ये पन्नास-शंभर रुपये असतात, भूकही लागलेली असते, पण एकटीने हॉटेलात जाऊन बसायचं तिला सुचतच नाही. "कुणी बघितलं तर काय म्हणेल, नवऱ्याला सोडलं आणि हॉटेलात बसून खाते?" असं एकीने मला सरळ विचारलं. वय चाळीसच्या पुढे, दोन मुलं वाढवलेली, आणि एकटीने टेबलाशी बसून जेवण्याचा प्रसंग आयुष्यात एकदाही आलेला नाही. उपाशीपोटी बाई दुपारी अडीचला समेटाच्या चर्चेला बसते आणि समोरचे पोटभर जेवून आलेले असतात. अशा वेळी कोण आधी नमतं घेईल हे सांगायला समाजशास्त्र नको. पोटगीच्या आकड्यावर होणारा परिणाम मी मोजलेला नाही, पण थकून 'जाऊ दे' म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

आणि ज्यांना टेबलापर्यंत पोचूच दिलं जात नाही त्यांचं काय? वस्तीतल्या गटात कचरा वेचणाऱ्या बायकांशी या विषयावर बोलणं झालं. पैसे रोख देत असूनही त्यांना "बाहेरच थांबा, पार्सल देतो" असं सांगितलं जातं. चहा मागितला तर आत बसलेल्यांना काचेचा पेला आणि हिला कागदाचा कप. बोलायला सोय नाही, कारण 'पार्सल' या शब्दाला कुणी अस्पृश्यता म्हणत नाही. घटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांत प्रवेश नाकारता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. जात आणि लिंग, दोन्ही शब्द त्यात आहेत. घटना करणाऱ्यांना हॉटेलचा दरवाजा हा क्षुल्लक विषय वाटला नव्हता. आपल्यालाही वाटू नये.

दुसरा दरवाजा संडासाचा. मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी' या मोहिमेत बायकांनी सार्वजनिक मुताऱ्यांचा प्रश्न लावून धरला. तो हॉटेलांपर्यंत पोचायला हवा. कित्येक लहान हॉटेलांत बायकांसाठी सोय नसते. असली तर कडी नसते, नाहीतर तिथे कांद्याची पोती रचलेली असतात. म्हणून बाई जेवताना पाणी पीत नाही. ज्या टेबलाशी पाणी प्यायची भीती वाटते तिथलं जेवण कितीही चविष्ट असो, ते अर्धंच जेवण.

चांगलं आहे तेही सांगते, नाहीतर नुसती रड होईल. फर्ग्युसन रस्त्यावर 'वैशाली'त किंवा १९३५ सालच्या कॅफे गुडलकमध्ये कॉलेजच्या मुली गप्पा मारत बसलेल्या दिसतात, आणि त्यांच्या आयांनी हे स्वप्नातही पाहिलं नसतं हे मला ठाऊक आहे. उडप्याकडे गर्दीच्या वेळी अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतात. तिथे बाईला कुणी विचारत नाही की सोबत कोण, कारण विचारायला वेळच नसतो. पोळी-भाजी केंद्रांनी नोकरी करणाऱ्या बायकांच्या संध्याकाळी वाचवल्या. पण तिथेही पोळ्या लाटणारे हात बाईचेच आहेत, हे विसरू नका. एकीची सुटका दुसरीच्या मनगटावर उभी असेल, तर त्या मनगटाला मोल काय मिळतं हे पहिलीने विचारलं पाहिजे.

इथून मी टेबलामागच्या मोरीकडे येते. घरात स्वयंपाक हा बायकांचा 'स्वभावधर्म' मानतात. त्याच कामाला पगार मिळू लागला की आचारी पुरुष होतो. हॉटेलात बाई दिसते ती बहुधा मागच्या दारी, लसूण सोलताना, धान्य निवडताना, भांडी घासताना. ओल्या फरशीवर आठ-दहा तास, पायाला चिखल्या, हजेरीपुस्तकात नाव नाही. त्या स्वयंपाकघरातली बिहार-ओडिशातून आलेली पोरंही तिथेच राबतात आणि तिथेच झोपतात. त्यांचेही हाल आहेत, ती आपली शत्रू नाहीत. पण त्यांच्यातही सगळ्यात कमी पैसे तिच्या हातावर पडतात.

"बायकांना हॉटेलात काम देणं जोखमीचं," असं मालक म्हणतात. हा युक्तिवाद नवा नाही. मद्य मिळतं अशा ठिकाणी बायकांना नोकरीला बंदी करणारं १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातलं कलम दिल्लीला लागू होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली रद्द ठरवलं. सुरक्षिततेच्या नावाखाली बाईचं कामच काढून घेता येणार नाही, सुरक्षितता देणं हे व्यवस्थेचं काम आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. आपल्या राज्यात दुकाने व आस्थापनांचा १९४८ चा कायदा बाईला रात्री कामावर ठेवायलाच मनाई करत होता. २०१७ च्या कायद्याने तिच्या संमतीने साडेनऊनंतरही काम करू दिलं आणि तिची सुरक्षितता व घरी पोचण्याची सोय ही जबाबदारी मालकावर टाकली. कागदावर हे ठीक आहे. पण रात्री बारा वाजता भांडी घासून निघालेल्या बाईला कोण घरी पोचवतं, हे तुम्ही-आम्ही बिल देताना विचारतो का? २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती लागते, आणि त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मोरीवरच्या बाईला हे सांगायला कुणी गेलं आहे का?

बायकांना हा धंदा जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या पलीकडे, मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास आठवावा. कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या गिरणी कामगारांना खानावळवाल्या बायकांनी आपल्या दहा-बाय-दहाच्या खोल्यांतून पिढ्यान् पिढ्या जेवू घातलं. सावकाराच्या व्याजात त्या बुडत होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. म्हणजे शहराला जेवू घालणारी बाई शंभर वर्षं आपल्यासमोर आहे. तिने दुसऱ्याला वाढलं तर ती अन्नपूर्णा. स्वतःसाठी ताट मागवून बसली की मात्र लोक विचारतात, "एकटीच?" माझं भांडण या एका शब्दाशी आहे.

"बाहेरचं खाणं ही चंगळ आहे, तुम्ही बाजाराचीच बाजू घेताय," असा आक्षेप आपल्याच काही मैत्रिणी घेतील. तीन-चारशे रुपयांच्या थाळीची मी वकिली करत नाही. २०२० साली सरकारने दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली, तेव्हा तिथल्या रांगेत बायका किती आणि पुरुष किती, हे मी पाहत असे. स्वस्त ताट ठेवलं म्हणून बाई येतेच असं नाही. तिला बसायची मोकळीक लागते, वेळ लागतो, आणि स्वतःच्या भुकेवर पैसे खर्च करायला हरकत नाही हा विश्वास लागतो. या तीन गोष्टी बाजार देणार नाही. त्या आपल्यालाच मिळवाव्या लागतील.

म्हणून काही सूचना करते. प्रत्येक गटाने महिन्यातून एकदा बैठक वस्तीजवळच्या एखाद्या साध्या हॉटेलात घ्यावी. 'फॅमिली सेक्शन'मध्ये नव्हे, पुढच्या टेबलांवर. प्रत्येकीने आपल्याला काय खायचं ते आपल्या तोंडाने सांगावं. 'काहीही चालेल' म्हणायचं नाही. तारखेला येणाऱ्या बाईबरोबर जाणाऱ्या कार्यकर्तीने तिला दुपारी जेवायला न्यावं आणि पुढच्या तारखेला एकटीने जायचं धाडस तिच्यात यावं असं बघावं. आपल्या भागातल्या दहा-दहा हॉटेलांची पाहणी करावी. बायकांसाठी संडास आहे का, त्याला कडी आहे का, मागे किती बायका राबतात, हजेरीवर त्यांची नावं आहेत का, पार्सलच्या नावाखाली कुणाला बाहेर उभं केलं जातं, हे लिहून काढावं. या नोंदी घेऊन आधी मालकांशी बोलू, नाही ऐकलं तर पालिकेकडे आणि कामगार आयुक्तांकडे जाऊ.

मैत्रिणींनो, हे काम मोर्चाइतकं मोठं वाटत नाही, हे मला कळतं. पण बाकावर उपाशी बसलेल्या बाईला आपण हक्कांची पुस्तिका देतो, तेव्हा तिची भूक हाही हक्काचाच भाग आहे हे आधी आपल्याला पटायला हवं. पुढच्या अंकापर्यंत निदान एकदा एकटीने जाऊन पोटभर जेवा. काय विचारलं गेलं, कोण बघत होतं, आणि जेवण कसं होतं, तेही लिहून कळवा.