रोग गुप्त की भीती गुप्त?

औंढ्याहून हिंगोलीला एस.टी.ने येताना अशी एक तरी जाहिरात नजरेस पडतेच. पडक्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज'. आम्ही मुले ती वाचून हसतो, आणि शेजारी बहीण किंवा सर बसलेले असले की नजर वळवतो. वसतिगृहातल्या माझ्या एका मित्राने मात्र भिंतीवरचा पत्ता उतरवून घेतला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

बारावीनंतर तो पुण्याकडे कारखान्यात कामाला होता. तेथे सोबत्यांच्या नादाने एका रात्री जे घडायचे ते घडले. पुढे तो परत आला, कॉलेजात नाव घातले. त्या गोष्टीला दोन वर्षे होत आली तेव्हा त्याला नको त्या जागी बारीक पुरळ दिसले आणि त्याची झोप उडाली. रोज दार लावून अंग निरखायचे, मोबाइलवर रोगांची चित्रे पाहायची, महिने मोजायचे. भिंतीवरच्या वैद्यबुवांनी नाडी धरून 'रोग हाडात मुरलाय' असे सांगितले व पुड्या दिल्या. खताला ठेवलेले पैसे त्यात गेले. घरी सोयरिकीची बोलणी निघाली की हा काहीतरी खुसपट काढून मोडायचा. वडील म्हणत, पोरगं शिकून शेफारलं.

एका रात्री त्याने मला सारे सांगितले, आणि आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पुरळ पाहिले व म्हणाले, हा रोगच नव्हे, पुष्कळ पुरुषांना असे असते. रक्तात एच.आय.व्ही. नव्हता. पण गरमी, म्हणजे उपदंश, निघाला. दुसऱ्या तपासणीतही तेच आले. आठवड्या-आठवड्याच्या अंतराने पेनिसिलीनची तीन इंजेक्शने घ्यावी लागली.

ज्या खुणेने त्याची झोप उडवली ती खूण खोटी, आणि जो रोग खरा त्याची अंगावर एकही खूण नाही! गरमीचा पहिला व्रण साधारण तीन आठवड्यांनी उठतो, बहुधा दुखत नाही, आणि औषधावाचून भरून येतो. माणसाला वाटते, सुटलो. रोग मात्र वर्षानुवर्षे आत दडून राहू शकतो. परम्याची जळजळ पुरुषांना बहुधा आठवड्याभरात कळते, एच.आय.व्ही.बाबत तीन महिन्यांनंतरची तपासणी निर्णायक धरतात. तेव्हा दोन वर्षांनी पुरळ मोजत बसणारा जसा चुकतो, तसाच 'इतके दिवस काही झाले नाही' म्हणून निर्धास्त बोहल्यावर चढणाराही चुकतो. मला तर दुसऱ्याचीच भीती अधिक वाटते. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला, पुण्या-मुंबईला किती माणसे जातात! मागे राहिलेल्या बायकोची रक्ततपासणी होते ती बहुधा गरोदरपणात; आणि वेळेवर उपचार न झाल्यास तिची गरमी पोटातल्या बाळालाही होते.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचकांच्या असल्याच शंकांना ते छापून उत्तरे देत. त्यापायी १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी कर्वे हरले. आज खटला होत नाही. एच.आय.व्ही.ची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, नाव गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे, १०९७ या क्रमांकावर फुकट विचारता येते. हा क्रमांक वसतिगृहाच्या फलकावर लावावा असे मी सुचवले, तर एकजण म्हणाला, "लोक काय म्हणतील?" वैद्यबुवांना मात्र अख्खी भिंत मोकळी!

मित्राची पुन्हा रक्ततपासणी दिवाळीनंतर आहे. सोबत मी जाणार आहे. घरी काय सांगायचे ते अजून ठरलेले नाही.