दहा सिटिंगचा करंट आणि आपली कंबर

जरा स्पष्टच लिहितोय. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

कॅम्प ५ मध्ये जीन्सच्या मशीनवर दिवसभर वाकून बसणारा कारागीर. अंबरनाथ एमआयडीसीत गोणी उचलणारा हेल्पर. बदलापूर ते सीएसएमटी उभ्याने जाणारा चाकरमानी. तिघांचीही कंबर महिनोन्‌महिने दुखते आणि तिघांनाही बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "दहा सिटिंग घ्या, करंट लावू." कंबरेला पॅड, थोडा वेळ मुंग्या, पैसे द्या, उद्या या.

करंट थोतांड आहे असं मी म्हणत नाही. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो ना, तसंच हे मशीन करतं. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं होतं की मज्जारज्जूत एक फाटक असतं. दुसरी संवेदना जोरात आली की दुखण्याचा निरोप तिथेच अडतो. म्हणून पॅड असताना बरं वाटतं. पण परतीची रिक्षा खड्ड्यात आदळली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आणि हे माझं मत नाही. दुसरा कोणताही आजार मागे नसलेल्या जुनाट कंबरदुखीवर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. टेन्स म्हणजे हाच करंट, अल्ट्रासाऊंड, ट्रॅक्शन, कंबरेचा पट्टा हे नेहमीच्या उपचारात वापरू नका, असं त्यात सांगितलंय. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ मध्येच टेन्स आणि आयएफटी दोन्हींना नाही म्हटलं. मग करायचं काय? व्यायाम, हालचाल आणि दुखणं नीट समजावून सांगणं.

माझा राग फिजिओथेरपिस्टवर नाही. व्यायाम शिकवणं हीच तर त्यांची खरी विद्या. पण शिकवायला पेशंटपाशी उभं राहावं लागतं, मशीन लावून चार बेड एकदम चालवता येतात. गाळ्याचं भाडं त्यातूनच निघतं. आणि आपणही कमी नाही! मशीन लावलं नाही तर "डॉक्टरांनी काही केलंच नाही" म्हणून दुसरीकडे जाणारे आपणच.

नुकसान मात्र रोजंदारीवाल्याचं. दहा दिवस अर्धा खाडा, वर सिटिंगचे पैसे, आणि कंबर तशीच.

म्हणून पॅकेजचे पैसे भरण्याआधी विचारा: यात व्यायाम किती दिवस शिकवणार? माझ्या कामाला साजेसा कोणता? घरी किती वेळा करू? उत्तर नसेल तर सरळ उठा.

उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि बदलापूर नगरपालिकांकडे माझी मागणी एवढीच: आपल्या प्रत्येक दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट द्या आणि कामगारांना जमेल अशा वेळी, संध्याकाळी, व्यायामवर्ग चालवा. त्याला एक खोली, चार सतरंज्या आणि एक शिकवणारा माणूस पुरतो. उद्घाटनाचा बॅनर यापेक्षा मोठा लागतो.

एक सांगायलाच हवं. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा सोबत ताप असेल, तर ना करंट ना व्यायाम, थेट हॉस्पिटल गाठा. पेसमेकरवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅड लावूच नयेत.

वॉर्डातल्या ग्रुपवर टाका आणि आपल्या नगरसेवकाला टॅग करा.