दाराला कसं कळतं, हा आपलाच माणूस?

दोस्तांनो, अलिबाबा आणि चाळीस चोरांची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेलच. गुहेसमोर उभं राहायचं, तिळाचं नाव घेऊन दाराला हुकूम सोडायचा, की दगडी दार आपोआप सरकायचं! ना कुलूप, ना किल्ली. पण एक सांगा पाहू, एवढी नामी गुहा असूनही चोरांचा खजिना लुटला कसा गेला? कारण अगदी साधं आहे. सरदार तो परवलीचा शब्द मोठ्याने म्हणायचा आणि झाडावर लपलेल्या अलिबाबाने तो ऐकला. दाराला माणूस ओळखता येत नव्हता. त्याला फक्त शब्द ओळखता येत होता. जो शब्द म्हणेल, तो आपला!

आता तुम्ही म्हणाल, या जुन्या गोष्टीचं आज काय? तर मंडळी, आजही शहराशहरांतली कितीतरी दारं अलिबाबाच्या गुहेइतकीच भोळी आहेत. पटत नाही? चला तर मग, जरा जिममध्ये जाऊ या.

जिमच का? गावातल्या तालमीत वस्ताद असतात. ते प्रत्येक पोराला नावानिशी ओळखतात. कुणी नवखा दिसला, तर "काय रे, कुणाचा तू?" असं विचारल्याशिवाय आत सोडत नाहीत. पण शेकडो शाखा असलेल्या जिमने काय करायचं? २००२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात 'एनीटाइम फिटनेस' ही जिमची साखळी सुरू झाली. नावाप्रमाणेच, चोवीस तास उघडी. रात्री दोन वाजता सभासद आला, तर दाराशी कुणी नसतं. सभासदाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक छोटासा टॅग असतो. तो दाराजवळच्या डबीसमोर धरला की दार उघडतं. आज या साखळीच्या शाखा जगभर हजारोंनी आहेत, आपल्या देशातही आहेत. म्हणजे वस्तादांचं काम इथे दारालाच करावं लागतं!

आता समजा, अशाच एका मोठ्या साखळीने तुम्हाला बोलावलं. म्हणाले, "आमच्या ४०० शाखांची दारं जुन्या पद्धतीची आहेत. ती नव्या पद्धतीची करून द्या." कुठून सुरुवात कराल? आधी जुनं दार कसं चालतं ते तर पाहू.

झोपलेलं कार्ड जागं होतं

त्या टॅगमध्ये किंवा कार्डात बॅटरी नसते. मग ते दाराशी बोलतं कसं? दाराजवळच्या डबीत, म्हणजे रीडरमध्ये, तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून सतत दिशा बदलणारी वीज वाहते. जुन्या कार्डांसाठी सेकंदाला १,२५,००० आवर्तनं, नव्यांसाठी १ कोटी ३५ लाख ६० हजार! त्यामुळे भोवतीचं चुंबकीय क्षेत्रही तितक्याच झपाट्याने बदलत राहतं. कार्डातही एक बारीक वेटोळं असतं. ते त्या क्षेत्रात आलं, की त्यात वीज निर्माण होते आणि कार्डातली चिप जागी होते. हे तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ साली शोधलं. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे ते हेच! आणि त्याच्या जोरावर दार उघडण्याच्या युक्तीचं पेटंट अमेरिकेत चार्ल्स वॉल्टन यांनी १९७३ साली मिळवलं.

सव्वीस खुणांची हाक

जागं झालेलं जुनं कार्ड एकच गोष्ट करतं. आपला क्रमांक सांगतं. हा क्रमांक बहुतेक ठिकाणी २६ खुणांचा असतो. प्रत्येक खूण म्हणजे ० किंवा १. त्यातल्या ८ खुणा जागेचा क्रमांक सांगतात, १६ खुणा कार्डाचा. उरलेल्या दोन खुणा तपासणीच्या असतात. पहिली खूण अशी निवडतात, की पहिल्या तेरा खुणांत १ सम संख्येने यावेत. शेवटची अशी, की नंतरच्या तेरा खुणांत १ विषम संख्येने यावेत. वाटेत एखादी खूण चुकली, तर रीडरचा निरोप घेणाऱ्या यंत्राला लगेच कळतं. आहे की नाही गंमत?

आता पाटी-पेन्सिल घ्या. ८ खुणांतून जागेचे क्रमांक किती होतील? २ चा आठवा घात, म्हणजे २५६. आणि १६ खुणांतून कार्डाचे क्रमांक? ६५,५३६. पण आपल्या साखळीच्या शाखा आहेत ४००! म्हणजे काही शाखांना एकच क्रमांक वाटून घ्यावा लागणार. मग पुण्याच्या सभासदाचं आणि नागपूरच्या सभासदाचं कार्ड दाराच्या नजरेत एकच ठरू शकतं. नागपूरकराने सभासदत्व सोडलं म्हणून तो क्रमांक बंद केला, तर बिचारा पुणेकर दाराबाहेर!

पण खरी पंचाईत पुढेच आहे. हे कार्ड कुणीही विचारलं तरी आपला क्रमांक सांगून टाकतं. रीडरही तो क्रमांक भिंतीतल्या दोन तारांवरून जसाच्या तसा पुढे पाठवतो. एका तारेवर ठोका पडला की ०, दुसरीवर पडला की १. त्यात गुप्त असं काहीच नाही. ज्याने ऐकलं, त्याला नक्कल करता येते. आठवला ना झाडावरचा अलिबाबा?

गुपित कुठे ठेवायचं?

मग लोकांनी ठरवलं, कार्डातली माहिती सांकेतिक भाषेत बोलू या. १९९४ साली 'मायफेअर क्लासिक' नावाचं कार्ड आलं. जगभरच्या बसगाड्यांत, कार्यालयांत आणि दारांवर ते पोहोचलं. त्याची सांकेतिक भाषा कंपनीने गुप्त ठेवली होती. पण डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ यांनी सांगितलं, की चिपचे थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आम्ही ती भाषा उलगडली आहे. पाठोपाठ २००८ मध्ये नेदरलँड्सच्या नायमेखेन इथल्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी तिच्यातल्या उणिवा दाखवून दिल्या. कंपनी कोर्टात गेली. हे छापू नका, अशी तिची मागणी होती. पण जुलै २००८ मध्ये डच न्यायालयाने ती नाकारली.

यात शिकण्यासारखं काय आहे? ऑगुस्त केरखॉफ्स यांनी १८८३ सालीच लिहून ठेवलं होतं, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आपल्या घरच्या कुलपाचंच पाहा ना. कुलूप कसं चालतं हे किल्ल्या बनवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून काही तुमचं घर उघडं पडत नाही.

दाराने कोडं घालावं

नवी कार्डं म्हणूनच क्रमांक ओरडून सांगत नाहीत. ती कोडं सोडवतात. कसं ते खेळूनच पाहू. तुम्ही आणि तुमची मैत्रीण एक गुप्त आकडा ठरवा, समजा ७. ती दाराआडून विचारते, "१२." तुम्ही ७ ने गुणून सांगता, "८४." पुढच्या वेळी ती विचारते, "३५." तुम्ही म्हणता, "२४५." प्रत्येक वेळी कोडं नवं, उत्तरही नवं. कालचं उत्तर ऐकून ठेवलेल्याला आज त्याचा काही उपयोग नाही.

तुमच्यातला एखादा हुशार वाचक लगेच म्हणेल, "पण ८४ ला १२ ने भागलं, की ७ सापडलाच की!" शाबास! म्हणूनच खरी यंत्रं साध्या गुणाकारावर थांबत नाहीत. जोआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांनी घडवलेली एक पद्धत २००१ साली अमेरिकेने 'एईएस' या नावाने प्रमाण मानली. ती जगजाहीर आहे, कुणीही वाचावी. पण प्रश्न आणि उत्तर दोन्ही ऐकूनही त्यातून किल्ली काढता येत नाही. कारण १२८ खुणांची किल्ली शोधायची, तर ३९ अंकी संख्येइतक्या शक्यता तपासाव्या लागतील!

तेव्हा आपल्या ४०० शाखांना नवी कार्डं हवीत, हे ठरलं. पण थांबा! कार्ड नवं घेतलं आणि भिंतीतली तार जुनीच ठेवली, तर? कार्ड कुजबुजणार आणि तार बोंब मारणार! म्हणून रीडर आणि नियंत्रक पेटी यांचं आपापसातलं बोलणंही सांकेतिक करावं लागतं. 'ओएसडीपी' ही नवी पद्धत नेमकं हेच करते.

नेट गेलं तर?

सभासदांची यादी दूरच्या एकाच मोठ्या संगणकावर ठेवणं सोयीचं असतं. पण ४ ऑक्टोबर २०२१ रोजी काय झालं माहीत आहे? देखभालीचं काम करताना दिलेल्या एका आज्ञेमुळे फेसबुकचं अख्खं जाळंच साधारण सहा तास जगापासून तुटलं. कर्मचाऱ्यांची कार्डं चालेनाशी झाल्याने काहींना इमारतीत शिरताच येईना, असं तेव्हा वृत्तपत्रांनी छापलं. दुरुस्ती करणाराच बाहेर!

म्हणून प्रत्येक शाखेतल्या पेटीत यादीची एक प्रत असायला हवी. नेट असेल तेव्हा ती ताजी करायची, नसेल तेव्हा हाताशी आहे तिच्यावर काम चालवायचं. हरवलेलं कार्ड बंद व्हायला थोडा उशीर होईल खरा. पण रात्री दोन वाजता सगळ्या शाखांची दारं एकदम मुकी होण्यापेक्षा ते परवडलं.

कासीम का अडकला?

अलिबाबाचा भाऊ कासीम गुहेत शिरला. पण बाहेर पडायचा शब्द विसरला आणि आत अडकला. गोष्टीतला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे. दाराने आत येताना हवं तेवढं विचारावं. बाहेर जाताना मात्र काहीही विचारू नये!

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या 'उपहार' चित्रपटगृहात आग लागली. बाल्कनीतून बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. ५९ माणसं गेली. ही गोष्ट आपण विसरता कामा नये. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेतही सांगितलं आहे, की बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे.

जिमच्या काचेच्या दाराला बहुतेक वेळा चुंबकी कुलूप असतं. नेहमी वापरात असलेला त्याचा एक प्रकार साधारण ५४० किलोच्या जोरालाही दाद देत नाही. पण तो चुंबक विजेवर चालतो. वीज गेली की कुलूप सुटलं. नुसत्या वीज जाण्याने दार सताड उघडं पडू नये म्हणून बॅटरी जोडतात. मग आगीच्या वेळी? तेव्हा आगीची घंटा वाजताच बॅटरीचाही प्रवाह आपोआप तुटेल, अशी जोडणी करावी लागते. ही जोडणी विसरणाऱ्याचं बाकी सगळं काम शून्य.

बोट बदलता येत नाही!

आता कुणी म्हणेल, कार्डाची भानगडच कशाला? बोटाचा ठसा घ्या, चेहरा ओळखा! सोपं तर आहेच. पण २०१५ साली अमेरिकन सरकारच्या कर्मचारी विभागातून ५६ लाख माणसांच्या बोटांचे ठसे चोरीला गेले. कार्ड हरवलं तर नवं मिळतं. नवं बोट कुठून आणणार?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी ३८ क्रीडाकेंद्रांतली अशी यंत्रं बंद करायला लावली. तिथे २,००० हून अधिक कर्मचाऱ्यांची हजेरी चेहऱ्याने आणि बोटाने घेतली जात होती. साध्या कार्डाने भागत असताना हे कशाला, असा आयुक्तांचा सवाल होता. आपल्याकडे २०२३ साली झालेल्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे, आणि मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यावी असं म्हटलं आहे. तेव्हा आईबाबांनो, मुलाचं नाव क्लासला किंवा जिमला घालताना कुणी "इथे बोट ठेव बाळा" म्हणालं, तर आधी विचारा: ठसा कुठे साठवता? किती दिवस? आणि कार्ड मिळेल का?

तर दोस्तांनो, झालं तुमचं काम? नवं कार्ड, नवी तार, शाखेत यादी, बाहेरची मोकळी वाट आणि बोटाची सक्ती नाही. पैसे कमी पडले आणि यातली एकच गोष्ट यंदा करता येणार असेल, तर कोणती कराल? मी तर बाहेरच्या वाटेपासूनच सुरुवात करीन.

या आठवड्याचा उद्योग असा. तुमची शाळा, क्लास किंवा सोसायटी, जिथे जिथे दाराला कुलूप आहे, तिथे मोठ्या माणसांना सोबत घेऊन पाहा, की आतून ते किल्लीशिवाय उघडतं का? आणि घाईत असलेल्या लहान मुलालाही उघडता येतं का? काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा. मात्र दार उघडत नसेल, तर आम्हाला कळवायच्या आधी मुख्याध्यापकांना किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगा. त्याच दिवशी!