रबराखालचा गंज आणि हलाल रोजी

पहिले दोन पाऊस पडले की जुन्या गाड्यांचे मालक काच-रबरवाल्याच्या दारात उभे राहतात. तक्रार ठरलेली असते. पायाशी पाणी साचते, गालिचा ओला राहतो, गाडीत कुबट वास येतो. कारागीर समोरच्या काचेचे रबर बोटाने दाबून पाहतो, सिलिकॉनची नळी उचलतो आणि कडेने एक धार सोडून देतो. पंधरा मिनिटांत काम संपते. मजुरी रोख मिळते, गिऱ्हाईकही खूष होते. पुढच्या पावसाळ्यात मात्र तीच गाडी तीच तक्रार घेऊन येते, नाहीतर आपल्या दारावरून पुढच्या दुकानात जाते.

आमचे मत असे आहे की, या पंधरा मिनिटांच्या कामात आपल्या हातातला एक चांगला धंदा हळूहळू सडत चालला आहे. मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले बांधव किती आहेत, हे सांगायला आकडे नकोत. कोणत्याही शहरातल्या गॅरेजच्या गल्लीत एक फेरी मारली तरी पुरे. म्हणूनच हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

प्रथम धंद्याची स्थिती पाहू. आजच्या नव्या गाड्यांना समोरची काच रबरात बसवत नाहीत. ती चिकट द्रव्याने थेट पत्र्याला चिकटवतात. ते काम बहुतांशी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा काचेच्या मोठ्या दुकानांत, विम्याच्या पैशांवर होते. गल्लीतल्या उस्तादाकडे राहिल्या त्या रबरवाल्या गाड्या, म्हणजे फियाट, पद्मिनी, अँबेसेडर आणि त्याहून जुन्या परदेशी गाड्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून कित्येक वर्षे धावली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली. अँबेसेडरचे उत्पादन तर २०१४ सालीच थांबले. तेव्हा अनेकांना वाटले की, काच-रबराचा धंदा आता संपला.

वस्तुतः तो संपलेला नाही. फक्त त्याचे गिऱ्हाईक बदलले आहे. टॅक्सीवाल्याला गाडी उद्या सकाळी रस्त्यावर हवी असे. आज जो फियाट जपतो, त्याला ती वडिलांच्या वेळी होती तशी हवी असते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नोंदणी नियम केले. ५० वर्षांहून जुनी, धंद्यासाठी न वापरली जाणारी आणि मूळ रूपात राखलेली गाडी या नियमात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. १९७४-७५ सालच्या गाड्या आता या वयाला पोहोचल्या आहेत. जो मालक नोंदणीसाठी एवढे पैसे मोजतो, तो चांगल्या कामासाठीही मोजेल. मात्र काम चांगले आहे, अशी त्याची खात्री पटली पाहिजे.

आणि नेमके येथेच आपण कमी पडतो. हुनर कमी आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. रबरात काच बसवण्याचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना त्यातली कसब ठाऊक आहे. रबर आधी काचेभोवती चढवायचे. पत्र्याची कड ज्या खाचेत बसते, त्या खाचेत सगळीकडून दोरी घालायची आणि तिची दोन्ही टोके खाली मध्यावर आतल्या बाजूला सोडायची. साबणाचे पाणी लावून काच बाहेरून चौकटीवर टेकवायची. मग एकाने बाहेरून तळहाताने दाब द्यायचा आणि दुसऱ्याने आतून दोरी सावकाश ओढत जायची. दोरी निघेल तशी रबराची आतली पाती पत्र्यावरून उलटून जागेवर बसते. दोघांचे हात एका लयीत चालले नाहीत, तर पाती फाटते किंवा कोपऱ्यात काच तडकते. हे पुस्तकात वाचून येत नाही. उस्तादाच्या शेजारी उभे राहूनच ते शिकावे लागते.

परंतु हे सारे काच बसवण्याच्या वेळचे झाले. खरी परीक्षा त्याआधी, जुने रबर काढल्यावर होते. रबराखाली पत्र्याची कड असते. तिथे वर्षानुवर्षे पाणी मुरलेले असते. बहुतेक जुन्या गाड्यांत खालच्या दोन कोपऱ्यांत ही कड गंजलेली, काही ठिकाणी तर खाऊन गेलेली आढळते. अशा कडेवर कितीही महाग रबर चढवा, पाणी येणारच. आधी डेंटरकडून सडलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो, मग घासणे, प्रायमर, रंग, आणि त्यानंतर रबर. काम एका दिवसाचे न राहता आठवड्याचे होते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

जुने रबर निघाल्यावर हा गंज फक्त दोघांना दिसतो, कारागिराला आणि अल्लाहला. मालक तेव्हा कचेरीत असतो. पुट्टी भरून, वर रबर चढवून संध्याकाळी चकचकीत काच दाखवली तर त्याला काय कळणार?

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले. त्यांनी हात ढिगात घातला, तर आत ओल लागली. विचारल्यावर मालकाने सांगितले की, पाऊस लागला होता. तेव्हा आपण (स.) त्याला म्हणाले की, मग भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस? आणि जो फसवतो त्याला त्यांनी आपल्यात गणले नाही. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आली आहे आणि आपण ती जुम्याच्या खुत्ब्यात अनेकदा ऐकली आहे. पण आमच्या काच-रबरवाल्या बांधवांइतकी ती दुसऱ्या कोणाला लागू पडत असेल, असे आम्हाला वाटत नाही. तिथे धान्याखाली ओल होती, इथे रबराखाली आहे. पाऊस पाडणे त्या व्यापाऱ्याच्या हाती नव्हते आणि गाडी गंजवणे कारागिराच्या हाती नसते. ओल लागली याचा दोष त्या व्यापाऱ्याला दिला गेला नाही. ती झाकली, याचा दिला गेला.

सिलिकॉनच्या त्या धारेबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. ज्या सिलिकॉनला सिरक्यासारखा वास येतो, ते सुकताना आम्ल सोडते आणि उघड्या लोखंडाला गंज चढवते. शिवाय बाहेरून तोंड बंद झाल्यावर आत गेलेले पाणी आतच कोंडते. म्हणजे गळती थांबवली असे वाटते, तेव्हा सड वाढवलेली असते. पुढे रंगकाम काढले, तर सिलिकॉन राहिलेल्या जागी रंग धरत नाही. रबर सहज चढावे म्हणून काही जण ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावतात. तेही चुकीचे आहे. आजचे चांगले रबर ज्या ईपीडीएम जातीचे असते, ते ऊन-पावसाला टिकते, पण तेलाने फुगते आणि मऊ पडते. साबणाचे पाणी स्वस्तही आहे आणि बरोबरही.

दरवाजाच्या काचेचीही तीच गोष्ट. तिथे बाहेरच्या रबर पट्टीतून थोडे पाणी दरवाजाच्या पोटात जातेच. ते बाहेर पडावे म्हणून तळाला भोके ठेवलेली असतात. मागच्या रंगकामात ती पुट्टीने बुजलेली असतात. त्यामुळे पाणी आत साचते आणि दरवाजा खालून सडतो. काचेची चॅनेल बदलताना एक तार घालून ती भोके मोकळी करायला दोन मिनिटे लागतात. पण कित्येक ठिकाणी तेही होत नाही, कारण गिऱ्हाईकाने तसे सांगितलेले नसते.

काचेच्या बाबतीत तर प्रश्न जिवाचा आहे. जुन्या गाडीची काच मिळत नाही म्हणून खिडकीला घरातली साधी काच कापून बसवल्याचे आम्ही पाहिले आहे. साधी काच फुटली की तिचे सुरीसारखे तुकडे होतात. टफन काचेचे बारीक बोथट दाणे होतात. लॅमिनेटेड काच दोन थरांमधल्या चिकट पडद्यामुळे जागच्या जागी धरून राहते. कायद्याने गाडीला सेफ्टी काचच हवी. समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. त्या काळच्या अनेक गाड्यांना समोर टफन काच असे. ती बदलण्याची वेळ आली तर लॅमिनेटेड घ्यावी, तिच्यावर आयएस २५५३ या मानकाचा शिक्का पाहावा आणि तिची जाडी रबराच्या खाचेशी जुळते का, ते आधी तपासावे. साधी काच लावून वाचलेले पैसे हे एखाद्या मुलाच्या चेहऱ्याची किंमत मोजून वाचवलेले असतात, हे विसरू नये.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप घेतला जाईल, तो आम्हाला ठाऊक आहे. आमच्या परिचयाचे एक बुजुर्ग उस्ताद आम्हाला म्हणाले, “भाईसाहेब, तुमचे सगळे खरे. पण मी गंज दाखवला की गिऱ्हाईक म्हणते, चाचा, तुम्ही खर्च वाढवताय. आणि जाते समोरच्या दुकानात. तो सिलिकॉन मारून देतो. माझ्या घरची चूल कशी पेटायची?”

हा प्रश्न खोटा नाही. भाडे, विजेचे बिल, मुलांची फी, हे सगळे दर महिन्याला दारात उभे असते. उपदेश करणाऱ्याला ते भरावे लागत नाही, हेही आम्ही मान्य करतो. पण यावर आमचे उत्तर असे की, गिऱ्हाईकाचा अविश्वास आकाशातून पडलेला नाही. आधीच्या दहा जणांनी न सांगता जे झाकले, त्याची किंमत आज खरे बोलणारा अकरावा मोजतो आहे. आणि एकटा उस्ताद हे बदलू शकत नसेल, तर एक गल्ली बदलू शकते. पाच-सहा दुकानदार इशाच्या नमाजनंतर अर्धा तास बसले आणि त्यांनी चार गोष्टी ठरवल्या, तरी पुष्कळ होईल.

पहिली गोष्ट, जुने रबर काढल्याशिवाय पक्का भाव सांगायचा नाही. सुरुवातीला फक्त रबर काढून तपासण्याची मजुरी सांगावी आणि मालकाला त्या वेळी हजर राहायला सांगावे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गंजावर कोणी भांडत नाही. तो येऊ शकत नसेल, तर आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. त्यावर फोटो काढून पाठवावा.

दुसरी, पावतीवर पत्र्याचे काम, काच, रबर आणि मजुरी वेगवेगळी लिहावी. जुनी काच किंवा क्रोम पट्टी बाजारातून घेतली असेल तर “जुनी” असेच लिहावे आणि ती ज्याच्याकडून घेतली, त्याची पावती जपून ठेवावी. माल कुठून आला, असे उद्या कोणी विचारले तर तोंडाच्या शब्दापेक्षा कागद कामाला येतो. यात गिऱ्हाईकापेक्षा आपलेच संरक्षण अधिक आहे.

तिसरी, काच बसवल्यावर मालकासमोर पाणी मारून दाखवावे. नळी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावी आणि आत एकाने बॅटरी घेऊन बसावे, म्हणजे गळती असलीच तर नेमकी जागा कळते.

चौथी, मालक पत्र्याचे काम नको म्हणाला, तर हरकत नाही. गाडी त्याची आहे. पण पावतीवर “कड गंजलेली आहे, गळती थांबेल याची हमी नाही” एवढे लिहून त्याची सही घ्यावी. मग मजुरीही हलाल झाली आणि पुढच्या पावसाळ्यात मानही खाली घालावी लागणार नाही. विकणारा आणि घेणारा खरे बोलले व दोष उघड केला तर त्यांच्या व्यवहारात बरकत होते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्याला माहीत आहेच. ती कागदावर उतरवण्याचा हा साधा मार्ग आहे.

शेवटी एक गोष्ट, जी आम्हाला सर्वांत जास्त टोचते. या कामाला दोन माणसे लागतात, हे आम्ही वर लिहिले आहे. आतून दोरी ओढणारा बहुतेक वेळा पंधरा-सोळा वर्षांचा पोऱ्या असतो. रबराखाली काय आहे, ते उस्तादाबरोबर तोही पाहतो आणि त्यावर उस्ताद काय करतो, तेही पाहतो. उस्तादाने पुट्टी भरून विषय संपवला, तर दोरी ओढण्याबरोबर तो तेही शिकतो. उद्या तो स्वतःचे दुकान टाकील, तेव्हा दोन्ही विद्या घेऊनच बसेल. मुलाला मदरशात पाठवून जे शिकवायचे आहे, ते दुकानात पुसून टाकले, तर दोष कोणाला देणार?

जुने उस्ताद एकेक करून जात आहेत. फियाटची काच न तडकता बसवणारे हात आता मोजके उरले आहेत आणि मोजक्या हातांना भाव येतो, हा बाजाराचा नियम आहे. तो भाव येण्याच्या वेळीच आपल्या हातांवर “झाकणारे” असा शिक्का बसू नये, एवढेच आमचे सांगणे आहे. या पावसाळ्यात पहिली गाडी दारात येईल, तेव्हा सिलिकॉनची नळी बाजूला ठेवून आधी मालकाला हाक मारावी आणि रबराची कड उचलून म्हणावे, “साहेब, जरा इकडे या. आत काय आहे ते स्वतः पाहा.”

अल्लाह आपल्या हुनरात आणि रोजीत बरकत देवो. आमीन.